आठवी ते बारावी आणि काका

शाळेत माध्यम-साक्षरता शिकवा, असं हल्ली जो तो विद्वान सांगतो. विचार थोर आहे, फक्त विद्यार्थी चुकलेत. केरळातल्या कन्नूर जिल्ह्याने २०१८ मध्ये दीडशे सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग घेतले ते आठवी ते बारावीच्या पोरांसाठी. पण गुड मॉर्निंगच्या गुलाबाखाली कर्करोगाचा घरगुती इलाज धाडणारे आमचे काका आठवी पास होऊन साठ वर्षं झाली, त्यांचं काय?

त्यांचा अभ्यासक्रम आम्हीच आखलाय. प्रवेशाची अट : किमान पदवीधर. (अडाणी माणूस निदान शेजाऱ्याला ‘खरंय का हो?’ म्हणून विचारतो.) सुरुवात दिवाळीपासून. वसुबारस आली की झगमगता भारत ग्रुपवर उगवतो, खाली ‘नासाने टिपलेली आपली दिवाळी’. नातू शोधून दाखवतो, “आजोबा, हा नकाशा आहे. १९९२ ते २००३ या काळात शहरांतले दिवे कुठे, कसे वाढले, ते रंगांनी दाखवलंय.” आजोबा चष्मा कपाळावर सारतात, दोन बोटांनी फोटो मोठा करतात, आपलं लातूर उजळलंय का ते बघतात आणि म्हणतात, “असू दे रे. त्यात वाईट काय सांगितलंय?” इथे भल्याभल्या फॅक्ट-चेकरांची दातखीळ बसते.

२०१६ ची दोन हजारांची नोटही अभ्यासाला आहे. तिच्यातली चिप म्हणे जमिनीखाली १२० मीटरवर पुरली तरी उपग्रहाला सापडणार होती. हे तर टीव्हीवरही समजावून सांगितलं गेलं, तेव्हा एकट्या काकांना बोल लावता येत नाही. २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती नोट मागे घेतली. चिप मागे घेतल्याचं कुणी कळवलेलं नाही.

मग राईनपाडा. धुळे जिल्हा, १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा, आणि भिक्षा मागत फिरणारे पाच जण ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले गेले. त्या दिवसांत देशभर फिरणारी एक क्लिप मूळची कराचीची, मुलांना जपा म्हणून सांगणारी. शेवटचा खुलासा तेवढा कुणीतरी कापला होता. यावर काकांचं उत्तर पाठ आहे : “आला तसा पुढे पाठवला. खात्री करून घ्या, असंही लिहिलं होतं.”

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, असं जाहीर केलं. काकांनी लगेच नातेवाइकांच्या पाच-पाचच्या तुकड्या पाडल्या.