मुक्काम पोस्ट करपेवाडी

कोल्हापूरच्या माणसाला डोंगर चढायचं वावडं नाही. वर गेल्यावर जेवायचं काय, एवढं फक्त त्याला खाली असतानाच कळायला हवं. झोपायचं कुठं हा प्रश्न त्यानंतरचा. म्हणून आमच्या ट्रेकच्या बैठकी मिसळीच्या टेबलावर होतात आणि नकाशा उघडायच्या आधी कोण किती भाकरी खातो याची शिरगणती होते.

माझा भाचा ऑकलंडला असतो. तो तिथल्या टोंगारिरो राष्ट्रीय उद्यानात भटकून आला आणि अशाच एका बैठकीत त्याचा व्हिडिओ कॉल आला. 1887 साली एका माओरी प्रमुखानं आपल्या पवित्र शिखरांचं दान सरकारच्या पदरात टाकलं, त्यातून हे उद्यान उभं राहिलं. डोंगर सगळे ज्वालामुखीचे, त्यातले काही अजून जागे. आणि त्यांच्या अंगाखांद्यावर चालणाऱ्यांसाठी सरकारी झोपड्या. झोपडी म्हणायचं ते आपलं उगाच. आत बर्थ, बर्थवर गादी, स्वयंपाकाला गॅस, ऊब यायला शेगडी. हंगामात देखरेखीला माणूस. बुकिंग मात्र कित्येक महिने आधी करायचं.

"आणि जेवण?" आमच्यातल्या बँकवाल्यानं विचारलं.

"जेवण आपलं आपण न्यायचं. भांडीसुद्धा. आणि कचरा पाठीवर घालून परत आणायचा."

टेबलावर शांतता पसरली. गादी आहे, गॅस आहे आणि भाकरी नाही, ही व्यवस्था कोणालाच झेपेना. त्यात भाच्यानं पुढची माहिती दिली. ऑगस्ट 2012 मध्ये तिथल्या ते मारी विवराचा स्फोट झाला आणि उडालेले दगड केतेताही नावाच्या झोपडीचं छप्पर फोडून आत बर्थपर्यंत आले. नशिबानं त्या रात्री आत कोणी नव्हतं. पुढं त्या झोपडीतला रात्रीचा मुक्काम बंदच झाला. "म्हणजे बुकिंग करून वर दगड खायचे," बँकवाला म्हणाला आणि त्यानं जादा कट मागवला.

तसा सह्याद्रीही ज्वालामुखीचाच. 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले, त्यांचा काळा बसाल्ट झाला आणि मग या ज्वालामुखीनं कायमचं अंग टाकलं. आता आमच्या डोंगरात वरून काही पडत असेल तर ते पाणी. तेही असं की बसाल्टवर ऊन-पावसाचा मारा होऊन पन्हाळ्याच्या, मसाईच्या माथ्यावर जांभा तयार झाला. एवढ्या काळात दगड बदलला, पण जुलैत सॅक कोरडी ठेवायची युक्ती कोणाला सापडली नाही.

राष्ट्रीय उद्यान हवंच असेल तर चांदोली आहे. 2004 साली ते राष्ट्रीय उद्यान झालं, 2010 मध्ये कोयनेबरोबर व्याघ्रप्रकल्पात गेलं. पण वाघाच्या माजघरात पाहुण्यांचा मुक्काम नाही, दिवस मावळायच्या आत बाहेर. दाजीपूरला गव्यांसाठी 1958 पासून अभयारण्य आहे आणि वनखात्याचं विश्रामगृहही आहे, पण तिथं माणूस गाडीनं जातो आणि गाडीनं येतो. खरं चालणं आणि खरा मुक्काम बघायचा तर पन्हाळा ते पावनखिंड.

ही वाट पन्नासएक किलोमीटरची. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून 12 जुलै 1660 च्या रात्री शिवाजी महाराज याच वाटेनं विशाळगडाकडं निघाले. रात्रभर पाऊस, चिखल, खांद्यावर पालखी आणि पाठीवर शत्रू. ते वाटेत मुक्कामाला थांबले नाहीत. तेच अंतर आम्ही दोन दिवसांत चालतो आणि रात्री कुठं झोपायचं यावर तीन आठवडे चर्चा करतो. त्यामुळं या वाटेवर तक्रार करायची सोयच उरलेली नाही. म्हाळुंग्याच्या पुढं कोणाचा बूट चावला की दुसरा म्हणणार, "पालखी घेऊन पळालेत भावा ते, अनवाणी." कुंभारवाडीच्या चिखलात गुडघ्यापर्यंत पाय गेला, बोंब मारली, की मागून आवाज, "बाजीप्रभूंनी बोंब मारली होती का?" इतिहासानं आमच्या कुरकुरण्यावर असा कायमचा बंदोबस्त बसवला आहे.

मुक्कामाची खरी जुनी सोय मसाई पठाराच्या पोटात आहे. तिथली लेणी पांडवांच्या नावावर खपतात, पण आहेत बौद्ध भिक्षूंची. भिक्षूंना पावसाळ्यात भटकायची बंदी. तीन महिने एका जागी बसायचं, म्हणून डोंगरात खोल्या कोरल्या. छप्पर, भिंत, जमीन सगळं एकाच दगडाचं. न गळणारी वास्तू सह्याद्रीत याच पद्धतीनं बांधता येते, हे त्यांना दोन हजार वर्षांपूर्वी कळलं होतं. ज्या ऋतूत शहाण्या माणसांनी बाहेर पडायचं नाही असं ठरवलं, नेमक्या त्याच ऋतूत आम्ही त्यांच्या दारावरून भिजत जातो.

आणि मग खोतवाडी, मांडलाईवाडी करत संध्याकाळी करपेवाडी. जुलैत या वाटेवर मोहिमांची रीघ असते. मोठ्या मोहिमा शाळेत, मंडपात, देवळात पथारी टाकतात. आमच्यासारख्या फुटकळ टोळीला कोणाचा तरी सोपा मिळतो. आम्हाला मिळाला त्या सोप्याच्या एका अंगाला गोठा होता, मध्ये कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडून म्हशीनं मान वर करून आमच्याकडं पाहिलं आणि बँकवाल्याच्या डोक्याशी एक दीर्घ सुस्कारा सोडला. त्याचा कोरडा राहिलेला एकमेव टॉवेल त्याच भिंतीवर होता. रात्रीत त्याची एक बाजू तिनं चाटून साफ केली.

इथं बुकिंग नाही, नंबर नाही, ओळखपत्र नाही. पण चौकशी आहे. चुलीपाशी भाकरी थापत आजीनं सुरू केलं.

"कुठलं पावणं म्हणायचं?"

"कोल्हापूर."

"ते झालं. कोल्हापुरात कुठं?"

"राजारामपुरी."

"आणि मूळ गाव?"

मूळ गाव सांगितलं. आजीचा हात परातीवर थांबला. तिच्या जावेची भाची आमच्या गावात दिलेली निघाली. मग घर कुठल्या गल्लीत, आडनाव काय, थोरल्याचं काय, धाकट्याचं काय. दोन भाकऱ्या तव्यावरून उतरेपर्यंत मी त्या घराचा लांबचा दीर ठरलो होतो.

"आन चालत का आलासा? यष्टी बंद हाय व्हय?"

आम्ही इतिहास सांगितला. तिनं ऐकून घेतला. "म्हाराजांस्नी यष्टी न्हवती," ती म्हणाली. "तुमाला हाय की." यावर आमच्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही.

जेवायला नाचण्याची भाकरी, आमटी, भात आणि पाट्यावर रगडलेला खर्डा. चुलीवरच्या दोरीला आमचे मोजे वाळत होते, त्यांचा वास सोडला तर पंगत देवादिकांना हेवा वाटावा अशी. "आणखी अर्धी घ्या" असं म्हणत ती पूर्ण वाढत होती. नको म्हणायला तोंड रिकामं मिळालं तर ना.

सकाळी पैशाचं काढलं. घरातल्या तरण्या पोरानं माणशी दर सांगितला, तो रीतसर होता. आजीनं त्याला डोळ्यानंच दटावलं. शेवटी पैसे पोराच्या खिशात गेले आणि निघताना माझा फोन नंबर आजीच्या सांगण्यावरून कॅलेंडरच्या मागं लिहून घेतला गेला. या मुक्कामाचं खरं बिल काय असतं, ते त्या कॅलेंडरवर असतं. ते मला श्रावणात पोचलं.

"सीपीआर दवाखान्यात डोळं दाखवायचं हाईत. उद्याच्या यष्टीनं येतोय."

आमच्या डोंगरातल्या झोपड्यांना दोन टोकं असतात, हे न्यूझीलंडच्या सरकारला अजून सुचलेलं नाही. एक टोक करपेवाडीला, दुसरं टोक आमचा टू-बीएचके. बायकोनं गाद्या बाहेर काढल्या आणि भाच्याच्या बुकिंग पद्धतीचं पहिल्यांदाच कौतुक केलं.

आजी आल्या त्या नातवाबरोबर, तांदळाचं एक बोचकं आणि खर्ड्याची एक बरणी घेऊन. सोसायटीच्या गेटवर वॉचमननं रजिस्टर पुढं केलं. नाव, मोबाईल नंबर, कोणाकडं, किती वाजता, परत किती वाजता. मी खाली पोचेपर्यंत रजिस्टर मिटलेलं होतं आणि आजी त्याच्या खुर्चीवर बसल्या होत्या.

"ह्यो मलकापूरच्या अंगाचा हाय," त्यांनी मला माहिती पुरवली. "ह्याच्या मामाचं घर आमच्या थोरल्या भनीच्या शेजारी."

वॉचमन तांदळाचं बोचकं खांद्यावर घेऊन हसत उभा होता. मी त्या इमारतीत इतकी वर्षं राहतो, त्याला रोज हात करतो, पण त्याचं गाव मला आजीकडून कळलं. जिन्यानं तो पुढं, आजी मागं आणि सगळ्यात शेवटी मी, अशी वरात वर गेली. बायकोनं तीन माणसांचा स्वयंपाक पाच माणसांचा केला. आजीनं स्वयंपाकघराचा ताबा घेऊन वॉचमनलाही ताट वाढलं, आणि तो नको म्हणायला तोंड उघडणार तोच त्यात अर्धी भाकरी पडली. ती अर्थातच पूर्ण होती. बरणी त्याच रात्री संपली.