सोळा रस्ते, एकच गोलाई

दहावीचा निकाल लागला की लातूर आणि नांदेडच्या घरांत दोन खर्च ठरलेले असतात. पहिला शिकवणीचा, दुसरा कॉम्प्युटरचा. शिकवणीच्या फीवर कुणी चर्चा करत नाही, कारण चर्चेने ती कमी होत नाही. त्यामुळे साठलेली सगळी चर्चा कॉम्प्युटरच्या वाट्याला येते. घरात बैठक बसते. मामा येतात, चुलते येतात, पुण्याला ‘आयटीत’ असलेला आतेभाऊ फोनवर येतो आणि शेजारचे निवृत्त गुरुजी न बोलावता येतात. गुरुजी एमएस-सीआयटी झालेले आहेत. वेतनवाढ अडू नये म्हणून त्यांनी तो कोर्स केला. प्रमाणपत्र त्यांनी तेव्हाच लॅमिनेट करून घेतलं. ज्ञानही तेव्हापासून लॅमिनेशनमध्येच आहे.

दुकानदार मात्र उदार. एखाद्या कंपनीने काढून टाकलेलं मशीन झाडूनपुसून समोर ठेवतो आणि म्हणतो, “काका, विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, टॅली, समदं टाकून देतो. फुकटात.”

“डॉक्टर व्हणाऱ्या पोराला टॅली कामून?” मामा विचारतात.

“उद्या हॉस्पिटल काढल्यावर?”

या उत्तरावर मामांची छाती फुगते आणि सौदा ठरतो. त्या मशीनवर विंडोज १० आहे, त्याच्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवल्या आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सोय इतक्या जुन्या मशीनमध्ये नाही, हे आतेभाऊ फोनवरून ओरडून सांगतो. दुकानदार शांतपणे म्हणतो, “ते तिकडं अमेरिकेत बंद झालं. हितं सगळ्यांचं चालूलालंय की.”

मग मांडणी. मामा वास्तुशास्त्र काढतात, वडील इन्व्हर्टरची वायर कुठवर पोचते ते बघतात. आई एकच अट घालते: पडदा स्वयंपाकघरातून दिसला पाहिजे. बाजारातल्या कोणत्याही सुरक्षा-सॉफ्टवेअरपेक्षा ही अट जास्त चालते आणि तिचं दरवर्षी नूतनीकरणही करावं लागत नाही.

खरी लढाई पुढे, ब्राउझरवर. आतेभाऊ म्हणतो ब्रेव्ह टाका, जाहिराती अडवतो. चुलते म्हणतात क्रोम, कारण सगळ्यांकडे तेच आहे. दुकानातला पोरगा म्हणतो, एज आधीच आहे, कशाला त्रास? गुरुजी मात्र पडद्यावर बोट फिरवत विचारतात, “निळा ई कुठाय?” इंटरनेट एक्सप्लोररला १५ जून २०२२ रोजीच निरोप दिला गेला, हे त्यांना सांगायचं धाडस कुणालाच होत नाही. एवढ्यात मामांमधला देशभक्त जागा होतो: “परदेशी कशाला? आपला स्वदेशी ब्राउझर नाही का?”

आहे ना. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये स्वदेशी ब्राउझरसाठी स्पर्धाच जाहीर केली होती. बक्षिसांची एकूण रक्कम तीन कोटींच्या वर. २०२५ मध्ये निकाल लागला, झोहो कंपनी पहिली आली, तिला एक कोटी मिळाले. याच झोहोचा ‘उला’ नावाचा ब्राउझर आहे आणि तो उभा आहे क्रोमियमवर. क्रोमियम हा खुला प्रकल्प सुरू केला गूगलने. मायक्रोसॉफ्टनेही आपलं स्वतःचं इंजिन सोडून देऊन जानेवारी २०२० मध्ये एज त्याच क्रोमियमवर आणला. ब्रेव्ह त्यावर, ऑपेरा त्यावर, विवाल्डी त्यावर. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात. कुठूनही शिरा, पोचता गोलाईतच. घरातल्या बैठकीत तीन तास चाललेला वाद हा बहुतांशी कोणत्या रस्त्याने गोलाईत जायचं याचा होता. गोलाई टाळायची तर विंडोजवर नाव घेण्यासारखा एक फायरफॉक्स उरतो. त्याचं इंजिन वेगळं, मेन्यू मराठीतही मिळतो. बैठकीत त्याचं नाव कुणी घेतलं नाही, कारण तो फुकट असूनही त्याची जाहिरात कुणी पाहिलेली नव्हती.

महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावर ही दोन शहरं २००९ पासून एकमेकांना ऐकवत आली आहेत. ब्राउझरच्या बाबतीत मात्र दोघांचं संपूर्ण एकमत आहे: फॉर्म ज्यात उघडेल, तो आपला.

कारण निवड आपण करतच नाही, फॉर्म करतो. एकेकाळी सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी बारीक अक्षरांत इंटरनेट एक्सप्लोररचं कितवं व्हर्जन हवं ते लिहिलेलं असायचं, पडदा किती रुंद हवा तेही. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये जावाचे जुने प्लगइन बंद केले, तेव्हा डिजिटल सहीसाठी जुनं मशीन न पुसता, न हलवता जपून ठेवायची पाळी अनेकांवर आली. आता तो काळ गेला. आता फक्त पॉप-अप अडतो, ओटीपी उशिरा येतो, फोटो दोन केबीने मोठा निघतो आणि सगळं जमलं की सेशन संपतं. हे सारं शेवटच्या तारखेला, रात्री साडेअकराला. मग नवा कॉम्प्युटर जुन्या साडीच्या कव्हरखाली झाकून बापलेक नेट कॅफे गाठतात. तिथला पोरगा विचारतो, “पासवर्ड सेव्ह करू का?” वडील दमलेले असतात. म्हणतात, “कर की.”

इकडे घरच्या मशीनवर आठवड्याभरात रोज लाल इशारे झळकू लागतात: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडला आहे. व्हायरस सापडलेला नसतो. कुण्या संकेतस्थळाने ‘सूचना पाठवू का?’ असं विचारलं होतं आणि मामांनी पाहुण्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून ‘अलाव’ दाबलं होतं.

तेव्हा वाचकहो, ब्राउझर कोणताही घ्या. तो अपडेट ठेवा, अनोळखी ‘अलाव’ला ‘ब्लॉक’ म्हणा, पासवर्ड परक्या मशीनवर सोडून येऊ नका आणि ज्या विंडोजच्या दुरुस्त्या थांबल्या त्यावर बँकेचे व्यवहार करू नका. आणि संकेतस्थळं बनवणाऱ्यांनो, तुमचा फॉर्म उदगीर-देगलूरच्या एखाद्या साध्या मशीनवर, दोन-तीन वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये, शेवटच्या तारखेच्या आधी एकदा स्वतः भरून बघा. जे संकेतस्थळ एकाच ब्राउझरमध्ये उघडतं ते नादुरुस्त आहे. दुरुस्ती त्याची करा. आमचा कॉम्प्युटर चांगला आहे.