फेकाचं नाई!

चांदूर रेल्वेच्या जवळपास प्रत्येक मोहल्ल्यात एक तरी अशा काकू असतात, ज्यांच्या दारातून कचरागाडी रिकामीच पुढं जाते. कोथिंबिरीच्या काड्या वरणात, शिळी पोळी कुस्कऱ्यात आणि दुधाची पिशवी विसळलेलं पाणी चहात, असा त्यांचा रोजचा हिशेब. फाल्गुनात मात्र त्यांची कसोटी लागते. परसातली भेदऱ्याची, म्हणजे टोमॅटोची, झाडं उन्हानं माना टाकतात, फुलं गळतात, झाडं उपटावी लागतात आणि टोपलंभर हिरवी भेदरं काकूंच्या पदरात पडतात.

अमेरिकेच्या थंड मुलखात हीच पंचाईत उलट कारणानं होते. हिवाळ्याच्या तोंडाशी झाडं एका रात्रीत गारठ्यानं करपतील म्हणून तिथले लोक कच्चेच टोमॅटो तोडतात आणि सफरचंदासारखे चिरून पायमध्ये भाजतात. लेकीनं मोबाइलवर पाठवलेल्या व्हिडिओतून हे ज्ञान चांदुरात उतरलं. पुण्याच्या मुलानं घेऊन दिलेला ओटीजी ओट्यावर होताच. तीळ घातलेली चटणी, बेसन पेरलेली भाजी आणि ठेचा एवढ्यावर घरच्यांनी आधीच हात टेकले होते. आता केक आला.

काकूंना अडाणी समजू नये. आधी त्या एक भेदरं आडवं चिरून पाहतात. बिया गिळगिळीत गराबरोबर सुरीखालून निसटल्या, तर फळ भरलेलं; तसली भेदरं कागदात गुंडाळून पिकल्या केळ्याशेजारी ठेवली, की केळ्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूनं रंग धरतात. बियाच कापल्या गेल्या, तर ते कोवळं, त्याची आशा सोडायची. तरी मार्चातला अमरावती जिल्हा म्हणजे अडचणच. पारा तिशीच्या वर टिकून राहिला की लाल रंग देणारं लायकोपीन नीट तयारच होत नाही आणि फळ पिवळट-केशरी होऊन थांबतं. ते गेलं वरणात. कोवळी सगळी किसणीवर.

किसाला मीठ लावून पाणी पिळून काढतात, नाहीतर केकचा शिरा होतो. मग कणीक, गूळ, तेल, दालचिनी आणि खायचा सोडा. भेदऱ्याच्या आंबटपणाशी सोड्याचं जमतं, वायू सुटतो, केक फुगतो. पिळलेलं पाणी कढीत जातं, हे सांगायला नको.

ओटीजी तापला, की नेमकी लाइन जाते. काकूंचं त्यावर ठरलेलं वाक्य आहे: "काई नाई व्हत त्याले, आतल्या गरमीनं होते तो." काका मात्र कुरकुरतात. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, तुपात बुडवलेले रोडगे हेच त्यांच्या लेखी वऱ्हाडातलं खरं बेकिंग. दहा रुपयांची भेदरं वाचवायला किती रुपयांचं तेल, गूळ आणि वीज लागली, हा हिशेबही ते मांडतात. पण ऐकायला कोणी नसताना. 2023 च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरीपार गेला होता, हे उत्तर काकूंकडे कायम तयार असतं आणि ते खोडता येत नाही.

खरी गंमत पाडव्याला. सावंगा विठोबाच्या यात्रेला आलेले पाहुणे चांदूरला उतरतात आणि त्यांच्यापुढं बशी येते.

"काकू, कायचा हाय वो हा केक?"

"खाऊन तं पाह्य अगुदर!"

कोणी कोहळं म्हणतं, कोणी दुधी, एखादा शहाणा सफरचंद म्हणतो. काकू सगळ्यांना हो म्हणतात आणि डबा भरून बरोबरही देतात. खरं सांगायचं, तर केक बरा लागतो. चोरटा आंबटपणा गुळाला शोभतो. पाहुणे गेले, टोपलं रिकामं झालं, म्हणून काकांनी सुटकेचा श्वास टाकून फ्रिज उघडावा, तर आत टरबुजाच्या सालीचे पांढरे तुकडे पाकात बुडालेले असतात. टुटीफ्रुटीसाठी. पुढच्या केकात लागणार आहे.