पुराव्याचा भार : दीड किलो

लॉ कॉलेजात प्रवेश पक्का झाला की घरात पहिला खटला लॅपटॉपचा उभा राहतो. फिर्यादी चिरंजीव किंवा कन्या, आरोपीच्या पिंजऱ्यात वडिलांचं बचत खातं आणि न्यायासनावर संगणक अभियंता झालेला मामेभाऊ. हा मामेभाऊ निकाल आधी देतो, कारणं नंतर शोधतो : सगळ्यात वरचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड. कोणी स्वतःच्या प्रकरणात न्यायाधीश होऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचं तत्त्व इथे पहिल्याच दिवशी पायदळी तुडवलं जातं. कारण त्याच्या डोळ्यांसमोर असतो तो दिवाळीच्या सुटीत स्वतः खेळायचा गेम. माझं म्हणणं एवढंच, की प्रकरण कायद्याच्या विद्यार्थ्याचं आहे, तर ते कायद्यानेच चालावं. जो एखादी गोष्ट आहे म्हणतो, त्यानेच ती सिद्ध करायची, हा नियम १८७२च्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. तेव्हा सिद्धतेचा भार महागड्या लॅपटॉपवर. स्वस्त लॅपटॉप दोषी ठरेपर्यंत निर्दोष.

आता पुरावा. हा विद्यार्थी पाच वर्षं, पदवीनंतर आला असेल तर तीन, मुख्यतः वाचणार आहे. केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींनी मिळून ११ निकालपत्रं लिहिली. पानं सुमारे ७००. अयोध्येचा २०१९चा निकाल १,०४५ पानांचा. या सगळ्यात अक्षरं सोडून जवळजवळ काही नाही. दंडसंहितेतल्या उदाहरणांत १८६०पासून ‘ए’ नावाचा इसम ‘झेड’च्या जिवावर उठलेला आहे, नव्या न्याय संहितेने ५११ कलमांची ३५८ केली, तरी या दोघांचं वैर काही मिटवलं नाही. पण इतक्या वर्षांत त्यांचं साधं रेखाचित्रही कायद्यात छापलेलं नाही. मग ग्राफिक्स कार्डाने दाखवायचं काय? मोठ्या साठवणुकीचाही दावा असाच गळून पडतो, कारण सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. रॅमच्या बाबतीत मात्र मामेभावाला थोडं झुकतं माप द्यावं लागेल. एका निकालात दहा जुन्या निकालांचे दाखले असतात, विद्यार्थी प्रत्येकासाठी एक टॅब उघडतो आणि आपल्या न्यायव्यवस्थेच्या थोर परंपरेला जागून एकही निकाली काढत नाही. एवढ्या प्रलंबित टॅबांसाठी ८ जीबी हवीच, १६ असली तर बरं. पण बाकीचे पैसे खर्च करायचे ते बोटं न दुखवणाऱ्या कीबोर्डवर, न चकाकणाऱ्या, जरा उंच पडद्यावर आणि दिवसभर टिकणाऱ्या बॅटरीवर. लेक्चर हॉलमधल्या मोजक्या प्लगांवर आधी आलेल्यांचा कब्जा असतो, आणि कब्जा ही चीज सोडवायला किती वर्षं लागतात हे ज्याने त्याने आपल्या गावच्या जमिनीवरून ताडावं.

वजनाचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. त्यांनी खोतकर विरुद्ध गोरंट्याल वाचावं. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतून निघालेल्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणाऱ्या प्रमाणपत्राचा घोळ निस्तरला. त्यात म्हटलं आहे, की लॅपटॉपचा मालक स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि मूळ लॅपटॉपच त्याने हजर केला, तर प्रमाणपत्राची गरज नाही. म्हणजे वेळ आली तर हे यंत्र कोर्टाचे जिने चढवून न्यायचं आहे, आणि आपल्याकडे कोर्टाच्या लिफ्टचा भरवसा कोणी देत नाही. दीड किलोच्या आतला लॅपटॉप पुरावा ठरेल. अडीच किलोचा, त्याच्या विटेएवढ्या चार्जरसकट, मुद्देमाल.

यावर हरकत येईल, की मग लॅपटॉप हवाच कशाला? विद्यापीठाची परीक्षा तीन तास पेनानेच लिहायची. पुढे वकिलीसाठी द्यावी लागणारी बार कौन्सिलची परीक्षाही तशीच : तिथे टिपणं नसलेला बेअर अ‍ॅक्ट नेता येतो, यंत्र नाही. हरकत वजनदार आहे आणि पेनाचे पैसे राखून ठेवावेत हे मला मान्यच आहे. पण मूट कोर्टाचं, म्हणजे सरावाच्या खटल्याचं, निवेदन पेनाने होत नाही. त्याच्या तळटीपा मजकुरापेक्षा वेगाने वाढतात आणि वरची एक खोडली की खालच्या सगळ्यांचे नंबर बदलतात. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२०पासून ए-फोर कागद, टाइम्स न्यू रोमन, १४ पॉइंट आणि दीडपट अंतर असा दंडक घातला आहे. सुवाच्य अक्षराला तिथे कोणी विचारत नाही. ‘टॅबलेटवर भागेल’ म्हणणाऱ्यांनी टॅबलेटच्या काचेवर फक्त एक तळटीप घालून दाखवावी, मी दावा मागे घेईन.

उरला ब्रँड. १९३०च्या वस्तुविक्री कायद्याचं १६वं कलम मोठं मजेदार आहे. खरेदीदाराने सावध राहावं, हा मूळ नियम. पण वस्तू कशासाठी हवी हे विक्रेत्याला सांगून त्याच्या जाणकारीवर विसंबलात, तर वस्तू त्या कामाला योग्य असण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. पुढे एक परंतुक आहे : व्यापारी नावाने अमुकच वस्तू मागितलीत, तर हे संरक्षण गेलं. म्हणजे मामेभावाच्या सांगण्यावरून मॉडेलचं नाव घोकत दुकानात शिरणारा मुलगा आपला पहिला खटला दारातच हरतो. त्यापेक्षा भोळा चेहरा करून ‘वकिलीच्या अभ्यासाला हवाय, तुम्हीच सांगा’ म्हणावं आणि हा हेतू बिलावर लिहून घ्यावा. सवलत मात्र त्याआधीच पदरात पाडून घ्यावी. होऊ घातलेल्या वकिलाला बिलावर असलं काही लिहून देणारा दुकानदार वर बॅगही फुकट देईल, ही अपेक्षा जरा जास्त आहे.