टाकीवरचा मासा

विक्रोळीच्या कन्नमवारनगरातील एखाद्या जुन्या इमारतीच्या आवारात, दिवेलागणीच्या सुमारास, पन्नाशी उलटलेले, गळ्यात तुळशीची माळ असलेले एक सद्गृहस्थ पाण्याच्या टाकीवर मोबाइल रोखून निश्चल उभे दिसले, तर टाकी गळत असल्याचा तर्क पाहणाऱ्याने करू नये. तेथे एक तांबडा मासा अवतरलेला असतो आणि तो धरण्याचा हक्क, गृहस्थांच्या मते, वहिवाटीने त्यांचाच असतो.

'पोकेमॉन गो' हा खेळ परदेशात जुलै २०१६ मध्ये निघाला आणि आपल्या मुलखात रीतसर दाखल झाला तो १४ डिसेंबरला, म्हणजे नोटबंदीच्या सहाव्या आठवड्यात. अवघी विक्रोळी तेव्हा एटीएमपुढे तिष्ठत शंभराच्या नोटेची शिकार करीत असल्यामुळे, रस्त्यात उभे राहून नसलेल्या वस्तूची वाट पाहणाऱ्या इसमाकडे कोणी संशयाने पाहिले नाही. अशा सोयीच्या मुहूर्तावर आमच्या या गृहस्थांची दीक्षा झाली.

डॉक्टरांनी वर्षानुवर्षे बजावूनही जे पाय बसथांब्यापलीकडे गेले नाहीत, ते आता टागोरनगर ओलांडून थेट पार्कसाइटची चढण चढतात. कारण या खेळातील अंडे उबते ते चालण्याने, कोणते दोन किलोमीटरांनी, कोणते पाचांनी, आणि नशीब थोर असेल तर दहांनी. ज्या घरात अंडे हा शब्दही दबक्या आवाजात उच्चारला जातो, त्या घरचा कर्ता जेवताना "माझं अंडं अर्ध्यावर आलंय" असे जाहीर करतो, तेव्हा त्याच्या सुविद्य पत्नीची काय अवस्था होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. देवळांत ही अंडी आढळतात अशी तक्रार त्याच वर्षी गुजरात उच्च न्यायालयापर्यंत गेली होती; ते ऐकल्यापासून आमचे गृहस्थ देवळाचा पोकेस्टॉप, म्हणजे खेळात अंडी मिळण्याचे ठिकाण, बाहेरूनच फिरवतात, तोही चपला काढून. माशाबद्दल मात्र त्यांना विधिनिषेध नाही. मॅजिकार्प हा कमालीचा निरुपयोगी मासा. पण त्याच्या चारशे कँडी साठल्या की त्याचा अक्राळविक्राळ गॅराडोस होतो, या एका आशेवर ते टाकी सोडीत नाहीत.

उपग्रहाने ठिकाण सांगावे, कॅमेऱ्याने समोरची भिंत दाखवावी आणि त्या भिंतीवर प्राणी चितारला जावा, असा हा सारा मायाबाजार. परंतु मुरलेला खेळाडू कॅमेऱ्याची ही सोयच आधी बंद करतो, कारण ती चालू असता नेम चुकतो आणि बॅटरी उतरते. आमचे गृहस्थ ती चालू ठेवतात. प्राणी पाहायचा तर तो आपल्या आवारात, वाळत घातलेल्या चादरींच्या आडून डोकावणारा, असा त्यांचा हट्ट आहे. (मलाही तो पटतो, रिकाम्या हिरव्या पडद्यावर मासा धरायचा तर विक्रोळीत राहण्याचे प्रयोजन काय?)

सोसायटीच्या सभेत यावरून त्यांची हजेरी घेण्यात आली. जे नाही ते पाहत हिंडणे या वयास शोभत नाही, असे सुनावून सचिवांनी पुढचा विषय, म्हणजे पुनर्विकास, हाती घेतला, बिल्डरचे गुळगुळीत माहितीपत्रक उलगडले आणि खिडकीतून त्याच टाकीकडे बोट केले : येथे तेवीस मजले, आणि त्यांच्या पायथ्याशी तरणतलाव. सारी सभा खिडकीशी लोटली. कोणास तलावाचे निळे पाणी दिसले, कोणास लिफ्टमधला आरसा. एका आजींनी तर अकराव्या मजल्यावर तुळशीवृंदावनाची जागाही मुक्रर केली.

मागच्या खुर्चीवरून आमचे गृहस्थ अदबीने उठले. "सचिवसाहेब," ते म्हणाले, "तलाव होतोच आहे, तर माझा मासा तेवढा तिथून हलवू नका."