निरक्षर साहेबांची यादी

८ सप्टेंबर आला की साक्षरता दिन येतो. शाळकरी पोरांची प्रभातफेरी निघते, चौकाचौकात फलक लागतात. वाचता न येणाऱ्यांनी ते वाचून जागं व्हायचं असतं.

सध्या ‘उल्लास’ सुरू आहे. नवभारत साक्षरता कार्यक्रम, २०२२ ते २०२७. पंधरा वर्षांवरचे निरक्षर शोधायचे, स्वयंसेवकाने शिकवायचे, परीक्षेला बसवायचे. २०२३ मध्ये महाराष्ट्रात शोधण्याचं काम शिक्षकांच्या गळ्यात पडलं आणि शिक्षक संघटनांनी बहिष्कार टाकला. आधी पोरांना शिकवू द्या, म्हणाल्या. काय चुकलं त्यांचं?

तरी १७ मार्च २०२४ ला परीक्षा झाली. वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. कार्यक्रमाच्या कागदात जीवनकौशल्यं आहेत, व्यवसायकौशल्यं आहेत, निरंतर शिक्षणही आहे. ते बहुधा तोंडी घेणार.

२०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्के होती, गडचिरोलीची ७४. आकडा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रोजगार हमीचं मस्टर आणि बँकेची पावती ज्याला वाचता येत नाही, त्याला फसवायला फार हुशार माणूस लागत नाही. अक्षरं हवीतच. पण जंगलातल्या माणसाला शिकवायला निघालेल्यांचं स्वतःचं वाचन किती?

गडचिरोलीच्याच धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा घ्या. गोंडांचं छोटं गाव. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं. इथे ऐंशीच्या दशकापासून अभ्यासगट बसतो. गावचे देवाजी तोफा असतात, गावकरी असतात, चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल वर्षानुवर्षं येऊन बसायचे. दारू, जंगल, मध, कायदा, काहीही विषय चालतो. बाहेरचा जाणकार बोलावतात, त्याला पिळून घेतात. अभ्यासगटात निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. आधी अभ्यास, मग निर्णय.

विधिमंडळात नुसता निर्णय.

२००९ च्या डिसेंबरात युनेस्कोने ब्राझीलमधल्या बेलेमला जगभरचे प्रौढशिक्षणवाले जमवले. अ‍ॅमेझॉनच्या मुखाशी बसून आजीवन शिक्षणाचं महत्त्व मान्य झालं. २०२२ मध्ये मराकेशला ते पुन्हा मान्य झालं. मेंढ्यात हेच वीसेक वर्षं आधीपासून चाललं होतं, विमानाचं तिकीट न काढता.

त्याच २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. वनहक्क कायदा २००६ चा. गावाने तो वाचला होता. बांबू हे गौण वनोपज आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. गाव म्हणालं, बांबू विकतो, वाहतूक परवाना द्या. वनखातं म्हणालं, बांबू म्हणजे लाकूड. अख्खी पदवीधर फौज, आणि व्याख्येच्या कलमापाशी अडली!

शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले. परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. एक ओळ वाचून घ्यायला दिल्ली आणि मुंबई दोन्ही लागल्या. याला कुठल्या इयत्तेत बसवायचं?

गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावची वेगळीच तऱ्हा. वनहक्क मिळाल्यावर या गावाने नियम स्वतःच केले. तेंदूपत्त्यासाठी झाडं छाटली जातात, जंगलाला आगी लागतात, म्हणून हातातला तो पैसा सोडून दिला. पर्यावरणशिक्षण याहून वेगळं असतं म्हणे. त्यात पॉवरपॉइंट असतो.

गडचिरोलीतल्या ‘सर्च’ संस्थेच्या आरोग्यदूतांचं तर काय सांगावं. थोडंफार शिकलेल्या खेड्यातल्या बायका. राणी आणि अभय बंग यांनी त्यांना घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवलं, न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखायला शिकवलं. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. पुढे देशभरच्या आशाताईंना याच पद्धतीचे धडे मिळाले. देश गडचिरोलीकडून शिकला आणि २०१८ मध्ये गडचिरोलीला ‘आकांक्षित जिल्हा’ म्हणून यादीत घातलं. आकांक्षा कुणी कुणाची धरायची, ते ठरवा एकदा.

भाषेचं म्हणाल, तर धडे मराठीत आणि भामरागडची आजी माडियात. हेमलकशाला १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा प्रकाश आणि मंदाकिनी आमटे आधी माडिया शिकले. डॉक्टर होऊनही विद्यार्थी झाले. ही सोय शासकीय सेवेत नाही. तिथे माणूस रुजू होतो तो शिकूनच.

गडचिरोलीतल्याच मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी शिकवणारी शाळा काढली. शिक्षण खात्याने तिला अनधिकृत ठरवून नोटीस धाडली. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्याने करावी, असं राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०क सांगतो. त्याबद्दल नोटीस कुणाला धाडायची?

म्हणून एक सूचना आहे. पुढच्या मार्चमध्ये तीच परीक्षा कार्यालयांतही घ्या. १५० गुण, तीन तास. प्रश्नपत्रिका आम्ही काढून ठेवली आहे, मानधन नको.

वाचन, ५० गुण. वनहक्क कायद्यातली गौण वनोपजाची व्याख्या मोठ्याने वाचा. बांबूपाशी थांबा. पुन्हा वाचा.

लेखन, ५० गुण. ग्रामसभेच्या अर्जाला उत्तर लिहा. ‘उपरोक्त’, ‘विषयांकित’ किंवा ‘नियमानुसार उचित कार्यवाही’ आढळल्यास शून्य.

संख्याज्ञान, ५० गुण. तेंदूच्या ७० पानांचा एक पुडा. एका घराने ३५० पुडे बांधले. दर शेकड्यावर ठरलाय आणि ठेकेदाराने वीस पुडे ‘खराब’ म्हणून बाजूला काढलेत. त्या घरचं किती बुडालं, ते तोंडी सांगा. कॅल्क्युलेटर बाहेर ठेवा. अडलंच, तर तेंदूपत्ता गोळा होतो त्या फळीवर बसलेल्या कुठल्याही बाईला विचारायची मुभा आहे.