रस्ता बघा, मग सायकल घ्या

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला पुन्हा सायकल चालवावीशी वाटली, की तो आधी मोबाइलमध्ये डोकं घालतो. अमुक फ्रेम, तमुक गिअर, कार्बन की अ‍ॅल्युमिनियम, आणि पुण्यातल्या कुणीतरी सुचवलेली पाऊण लाखाची सायकल. महिना-महिना हेच चालतं. ज्या रस्त्यावर ती चालवायची, तो रस्ता दाराबाहेरच असतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. कनेरगाव नाक्यावर राहणाऱ्यानं कनेरगाव नाक्याच्या रस्त्याला झेपेल अशीच सायकल घ्यावी. पुण्याची निवड पुण्याला लखलाभ.

आपला रस्ता कसा आहे? एक तर अकोल्याहून वाशीम, हिंगोली, नांदेड करत तेलंगणात उतरणारा राष्ट्रीय महामार्ग १६१. मराठवाडा आणि विदर्भाच्या हद्दीवरचं आपलं गाव याच मार्गावर. एका अंगाला वाशीम, दुसऱ्या अंगाला हिंगोली, दोन्ही शहरं साधारण पंचवीसेक किलोमीटरच्या आतबाहेर. पहाटे निघून ऊन चढायच्या आत घरी परतावं, इतकं सोयीचं अंतर. वाशीम हिंगोलीपेक्षा उंचावर आहे, त्यामुळे वाशीमच्या बाजूला जाताना पाय जास्त बोलतात आणि परतताना चाक मोकळं सुटतं.

दुसरे म्हणजे महामार्गाला दोन्ही बाजूंनी फुटणारे गावरस्ते. खरी सायकल तिथंच चालते. वर्दळ कमी, दोन्हीकडं हळद, सोयाबीन, तूर. पण डांबर निम्म्या ठिकाणी उखडलेलं, कडेला खडी, आणि पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून उचलून आणलेली काळी माती. सुगीत याच डांबरावर सोयाबीन वाळत असतं. बांधाच्या कडेला सराटे पसरलेले, बाभळीची फांदी कुठंही पडलेली. हा सगळा ऐवज तुमच्या टायरखालून जाणार आहे. निवड इथून सुरू होते.

म्हणून पहिला प्रश्न टायरचा. शर्यतीच्या सायकलीला वर्षानुवर्षं २३ मिलिमीटर रुंदीचं टायर असे. आता शर्यतवालेही २८ किंवा त्याहून रुंद टायर वापरतात, कारण खडबडीत डांबरावर थोडं रुंद आणि थोडं कमी हवेचं टायर जास्त पळतं. दगडासारखं कडक टायर प्रत्येक खड्ड्याला उसळतं आणि तुमची ताकद त्या उसळीत वाया जाते. आपल्या रस्त्याला ३२ ते ३५ मिलिमीटर हवंच. सायकल घेताना विक्रेत्याला किमतीच्या आधी हे विचारा: या फ्रेममध्ये जास्तीत जास्त किती रुंद टायर बसतं, आणि मडगार्ड लावल्यावर किती बसतं? जागा कमी असेल तर काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये थापली जाते, चाक जाम होतं आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. उत्तर गोलमोल आलं तर दुकान बदला.

दुसरा मोह पुढच्या शॉकअपचा. रस्ते खराब म्हणून लोक जाडजूड गुट्ट्यांच्या टायरची, पुढं शॉकअप असलेली माउंटन बाइक उचलतात. स्वस्त सायकलीतला हा शॉकअप म्हणजे नुसती स्प्रिंग. पायडलवर जोर दिला की तो खाली-वर होतो आणि तुमचा जोर खातो. वजन पंधरा किलोच्या पुढं जातं आणि गुट्ट्या डांबरावर घरंगळायला नकार देतात. माणूस दहा किलोमीटरमध्ये दमतो आणि समजतो की आपलं वय झालं. वय झालेलं नसतं, सायकल चुकीची असते. कितीतरी जणांची सायकल दुसऱ्याच महिन्यात भिंतीला टेकते आणि तिच्यावर टॉवेल वाळू लागतो, त्याचं मोठं कारण हे.

मग घ्यावी कोणती? ज्याला पंधरा-वीस वर्षांची सवय तुटलेली आहे, त्यानं शॉकअप नसलेली, सरळ हँडलची, ३२ ते ३५ चं टायर असलेली हायब्रिड घ्यावी. पाठ फार वाकत नाही, मान दुखत नाही, बोटं ब्रेकजवळ राहतात. पूर्वी सायकल मनापासून चालवलेली आहे आणि लांबचा पल्ला डोक्यात आहे, त्यानं वाकड्या हँडलची घ्यावी. त्या हँडलवर हात ठेवायला तीन-चार जागा मिळतात, दोन तासांनंतर तळवे बधिर होत नाहीत, आणि समोरचा वारा सुटला की खाली वाकता येतं. ग्रॅव्हल नावानं मिळणारी सायकल म्हणजे हीच, फक्त रुंद टायरला जागा दिलेली. गावरस्त्यांसाठी ती उत्तम. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची किंवा चांगल्या पोलादाची असावी. कार्बनची हौस इथं करू नये. कॅरिअरला बांधून, टपावर टाकून होणारी वाहतूक तिला सोसत नाही, आणि तडा गेला तर दुरुस्ती जवळपास होत नाही.

गिअरच्या बाबतीत आकड्याला भुलू नका. एकवीस गिअर म्हणजे सोळापेक्षा चांगली, असं काही नसतं. सगळ्यात हलका गिअर किती हलका, एवढंच बघा. पुढच्या लहान चक्राला ३४ दाते आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राला ३२ किंवा ३४ दाते असतील, तर वाशीमच्या बाजूचा कुठलाही चढ बसूनच निघतो. जड गिअरवर रेटत बसणाऱ्याचे गुडघे बोलतात. पाय मिनिटाला ऐंशीच्या आसपास फिरावेत, दम लागला तर गिअर उतरवावा. शाळेत असताना अर्ध्या पायडलवर चोवीस इंची सायकल हाणणाऱ्या पिढीला जोर लावायची सवय आहे. ती सोडावी लागेल.

आता एक अगदी बारीक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. महागड्या सायकलीच्या ट्यूबला बारीक, उंच, टोकाला पितळी नट असलेला वॉल्व्ह असतो. आपल्याकडच्या पंक्चरवाल्याचा हवेचा पाइप त्याला बसतच नाही. तो बिचारा पाइप दाबून बघतो, हवा फुस्स करून बाहेर जाते, टायर होतं तेवढंच राहतं. उपाय सोपा आहे. बोटाच्या पेराएवढी पितळी टोपी मिळते. नट सैल करायचा, टोपी फिरवून बसवायची, की मोटारसायकलचा पाइप चालतो. किंमत चहा-नाश्त्याइतकी. ती सीटखालच्या पिशवीत ठेवा. सोबत जादा ट्यूब, टायर उचकायच्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या, छोटा पंप आणि षटकोनी पाने. मात्र कॉम्प्रेसरनं हवा मारताना डोळे काट्यावर ठेवा. सत्तर किलोच्या माणसाला ३५ च्या टायरमध्ये पन्नास ते साठ पौंड पुरे. एक क्षण जास्त दाबलं की ट्यूब फुटते.

आणि निर्णय करायच्या आधी मिस्त्रीला भेटा. ही चेन, हे ब्रेक, हे गिअर तुमच्याकडं दुरुस्त होतील का, असं सरळ विचारा. हिंगोलीत किंवा वाशीममध्ये जो सुटा भाग मिळत नाही, त्यासाठी दर वेळी कुरिअरची वाट बघायची तयारी आहे का, हे स्वतःला विचारा. तारेनं चालणारा डिस्क ब्रेक मिस्त्री बसवून देईल. तेलावर चालणारा बिघडला तर शहर गाठावं लागेल. ज्या यंत्राला तालुक्यात वैद्य नाही, ते यंत्र पहिली सायकल म्हणून घेऊ नये.

मापाचा प्रश्न पैशांपेक्षा मोठा आहे. आपल्याकडं बावीसची आणि चोवीसची अशा दोनच मापांवर पिढ्या गेल्या. माणूस बुटका असो की उंच, सायकल तीच. दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालून पंढरपूरला निघावं, तसं ते होतं. घरीच माप काढता येतं. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा. एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही मांड्यांच्या मध्ये घालून, सीटवर बसल्यासारखं वर दाबा. पुस्तकाच्या वरच्या कडेची खूण पेन्सिलीनं भिंतीवर करा आणि जमिनीपासून अंतर मोजा. समजा ते ७८ सेंटिमीटर आलं. त्याला ०.६७ नं गुणलं की साधारण ५२ येतात, हा जुन्या सरळ दांडीच्या रोड फ्रेमचा आकडा. आताच्या उतरत्या दांडीच्या फ्रेमसाठी कंपनीचा तक्ता बघून ताळा करा. त्याच ७८ ला ०.८८३ नं गुणलं की ६९ च्या जवळ येतात. पायडलचे दांडे ज्यावर फिरतात त्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढी उंची ठेवून सुरुवात करावी. टाच पायडलवर ठेवून पायडल तळाशी नेलं की पाय सरळ व्हावा, हा मिस्त्रीलाही समजणारा पडताळा.

आपल्याकडं निम्म्याहून अधिक माणसं सीट फार खाली ठेवून चालवतात, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून. गुडघे दुखतात ते यामुळं. आणि सीटवर फोमचं जाड गादीसारखं कव्हर घालू नका. पहिल्या दोन किलोमीटरला सुख देतं, विसाव्या किलोमीटरला मांड्या सोलून काढतं.

मोठ्या माणसांची उदाहरणं जरूर समोर ठेवा. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्यानं वेळेत संपवून आले, सुमारे ४,८०० किलोमीटर, बारा दिवसांच्या आत. अभिमान वाटावा असंच हे काम आहे. त्यांची जिद्द घ्या, त्यांची सायकल घेऊ नका. ती त्यांच्या रस्त्यासाठी आणि त्यांच्या वर्षानुवर्षांच्या सरावासाठी आहे.

आपल्यासाठी याहून जवळचं ध्येय आहे. देशभर ‘ब्रेव्हे’ नावाच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या होतात, महाराष्ट्रातल्या अनेक शहरांतून निघतात. त्या शर्यती नाहीत, पहिला-दुसरा कुणी नसतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत करायचे, म्हणजे थांबे धरून ताशी जेमतेम पंधराचा वेग. कुठलीही धड सायकल चालते. कनेरगावचा पन्नाशीचा माणूस वर्षभराच्या नेमानं हे हायब्रिडवर करू शकतो. सुरुवात मात्र दहा किलोमीटरनं, आठवड्यातून तीनदा करावी. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवावं, एकदम दुप्पट करू नये. रक्तदाब, साखर किंवा छातीची काही तक्रार असेल तर आधी डॉक्टर, मग पायडल. एप्रिल-मेमध्ये उजाडायच्या सुमारास निघून आठ-साडेआठला घरी यावं. उन्हाशी पैज लावू नये.

पैशांचं सांगायचं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. तो फरक हेल्मेट आणि मागच्या लाल दिव्यावर घालवा. दिवा दिवसाही लावा. महामार्गावर मागून येणाऱ्या ट्रकचालकाला तुम्ही जितके लांबून दिसाल, तितके सुरक्षित.

आता सरकारला दोन शब्द. या भागात रोज सायकल चालवणारं सगळ्यात मोठं माणूस म्हणजे शाळकरी मुलगी. मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना आठवी ते बारावीपर्यंत शाळेत जायला सायकलीसाठी पैसे मिळतात, ही रक्कम वाढवून ५,००० रुपये झाली. हिंगोली आणि वाशीम हे दोन्ही जिल्हे त्या कार्यक्रमात आहेत. योजना चांगलीच आहे. पण सायकल दिली आणि चालवायला जागा दिली नाही, तर काम अर्धंच झालं. समृद्धी महामार्गावर सायकलीला बंदी आहे, ते समजण्यासारखं आहे, तो वेगळाच रस्ता आहे. १६१ मात्र गावांमधून, शाळांवरून जातो. त्याच्या कडेची पट्टी सायकलवाल्यांची आहे. तिथं उभे ट्रक, वाळूचे ढीग आणि उलट्या दिशेनं येणाऱ्या मोटारसायकली असतील, तर मुलगी ट्रकच्या वाटेत ढकलली जाते. सायकल मार्ग कसे आखावेत, याची मार्गदर्शक तत्त्वं इंडियन रोड्स काँग्रेसनं २०१५ मध्येच नव्यानं छापली आहेत. ती नाक्यापासून शाळेपर्यंतच्या एक-दोन किलोमीटरवर तरी उतरवा. हौशी सायकलस्वारांनीही हे मागणं ग्रामसभेत मांडलं पाहिजे. आपल्याकडं आवाज आहे, त्या मुलींना अजून कुणी विचारत नाही.

आणि वाचकांना शेवटची सूचना. नवी सायकल आज घेऊ नका. घरात पडलेली जुनी काढा, मिस्त्रीकडं न्या, रिंगचा आउट काढून घ्या, ब्रेकचे गट्टू बदला, सीट मापात उंच करा आणि महिनाभर तीच चालवा. काय टोचतं, काय कमी पडतं, कुठल्या रस्त्यावर तुम्ही खरंच जाता, हे त्या महिन्यात कळेल. महिना टिकलात तर दुकानात जा, पैसे मोजा, बिनधास्त मोजा. नाही टिकलात तर पन्नास हजार वाचले.